उजवी कळी

मुंबई
१४ ऑगस्ट २०२३

तात्या,

पाया पडते. आवडीकाकीच्याही पडते, तिला सांगा.

बाबा म्हणाले, सख्ख्या काकाला पत्र कसलं लिहितेस, फोन कर. आता त्यांना काय सांगू? फोन केला की तुम्ही खिंडीत एका दगडावर उभे राहून "हॅलो, कोण, हॅलो" एवढंच ओरडता आणि मी विचारलेलं वाऱ्यावर जातं. पत्राला निदान रेंज लागत नाही.

मी इथे चित्रपटाचं संकलन शिकते, म्हणजे नक्की काय करते, असं तुम्ही मागे विचारलं होतं. ऐका. एखादं साधं काम घ्यायचं. ते वेगवेगळ्या जागांवरून तुकड्यातुकड्यांनी शूट करायचं, कधी लांबून, कधी अगदी जवळून. मग ते तुकडे असे जोडायचे की बघणाऱ्याला वाटावं, हे एका दमात घडलं. जोड दिसला की नापास.

पहिल्या सरावात मी नापास झाले. माझी खोलीतली मैत्रीण सेजल दार उघडून आत येते, खुर्चीत बसते, पाणी पिते. संपलं. पण एवढ्याशा कामात सेजलची ओढणी दाराबाहेर उजव्या खांद्यावर होती, आत आली ती डाव्या. पेला अर्धा झाला आणि पुढच्या तुकड्यात पुन्हा काठोकाठ भरला. सर म्हणाले, "ही मुलगी पाणी पीत नाहीये, जादूचे प्रयोग करतेय." सगळा वर्ग हसला. तात्या, या पोरांच्या हातात शाळेपासून कॅमेरे आहेत. पोलादपूर कुठे आलं हेही त्यांना सांगावं लागतं. मी न्हाणीघरात जाऊन रडले, मग तोंड धुऊन पुन्हा तेच तुकडे जोडत बसले.

पुढचा मोठा सराव हातांच्या कामाचा आहे. मला तुमचे हात हवेत. तुम्ही सोमजाई देवीला कौल लावता तो मला शूट करायचाय. इथे असलं कुणी पाहिलेलंच नाही. नाही म्हणू नका.

तुमची निशिगंधा


वरची वाडी, पोलादपूर
३ सप्टेंबर २०२३

चि. निशिगंधा,

पत्र पोचलं. दुकानदाराने चहापत्तीच्या पुड्यात घालून पाठवलं म्हणून त्याला वास चांगला येत होता. तुझ्या सेजलची गोष्ट काकीला वाचून दाखवली. ती म्हणाली, "एवढी फी भरून पोरगी पाणी प्यायला शिकत्ये काय?" मी म्हटलं, आपल्या महिपतची लेक आहे, शिकेल.

कौलाचं म्हणशील तर गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. गाभाऱ्यात कौल लावणारा एकटा असतो. बाकी वाडी बाहेर. पाषाणाच्या दोन खांद्यांना दोन ओल्या कळ्या चिकटवायच्या, प्रश्न मोठ्याने विचारायचा आणि हात जोडून थांबायचं. उजवी पडली तर देवी हो म्हणाली, डावी पडली तर नाही. बाहेर येऊन जे पडलं ते सांगायचं आणि माझ्या सांगण्यावर वाडी चालते. माझ्या बापाच्या सांगण्यावरही चालली. उलटतपासणी कुणी करत नाही.

यंदाचा प्रश्न तुला माहीत आहे. शेजारच्या डोंगरात दरडीने माणसं गेली तेव्हापासून सरकारी माणसं आम्हाला खाली उतरायला सांगतायत. पत्र्याच्या खोल्या बांधून तयार आहेत. अट एकच, सगळी वाडी एकमताने उतरली पाहिजे. नोकरीला गेलेले आपले मुंबईवाले म्हणतात उतरा, इथली म्हातारी म्हणतात गुरं कुठे बांधू. शेवटी ठरलं, दिवाळीनंतर देवीला विचारायचं.

माझ्या मनातलं तुला सांगतो, बाहेर बोलू नकोस. मला उतरायचंय. काकीचे गुडघे गेलेत. गेल्या पावसात तिला डोलीतून खाली न्यायला माणसं मिळेनात, दोघीतिघी बायांनी धरून नेली. गुरं विकताना जीव तुटेल, पण बायकोपेक्षा म्हैस मोठी नाही. पण मला काय हवं ते देवीला सांगायचं नसतं, तिला विचारायचं असतं.

तू ये. सख्ख्या भावाची पोर म्हणून आत घेतो, वाडीला काय सांगायचं ते मी बघतो. एक मात्र लक्षात ठेव. एकदा विचारलेलं देवीला पुन्हा विचारत नाहीत.

तात्या


मुंबई
२४ नोव्हेंबर २०२३

तात्या,

जमलं! सरांनी दिवे लावले आणि म्हणाले, "यात एकही जोड मला दिसला नाही." वर्ग टाळ्या वाजवत होता. ज्याने मागे हसून हसून खुर्ची सोडली होती तो यशराज येऊन विचारत होता, तुझ्याकडे कॅमेरे किती होते? मी म्हटलं, एकच, तोही भाड्याचा.

तुम्हाला कसं केलं ते सांगते. वीर स्टेशनला उतरून रिक्षाने महाडला आले तेव्हाच ठरवलं होतं की पहिला तुकडा लांबून घ्यायचा. तोच खरा कौल. तुम्ही वाकता, कळ्या लावता आणि विचारता, "आई, खाली उतरू का?" तुमचा तो आवाज ऐकून इथली पोरंसुद्धा गप्प झाली. पण लांबून कळी दिसतच नाही, नुसता पाषाण दिसतो. म्हणून तुम्ही बाहेर जाऊन वाडीला "डावी" असं सांगून आलात आणि माणसं पांगली, तेव्हा मी तुमच्या मागे लागले, की जवळून एकदा हात हवेत. तुम्ही किती वेळ नाही म्हणालात! शेवटी प्रश्न न विचारता नुसत्या कळ्या लावल्यात. आणि तेव्हा पडली उजवी.

आता आली पंचाईत. मला हवी होती डावी. मी चित्र आरशासारखं उलटं करून बघितलं. कळी डावीकडे गेली, पण मग तुमचा हातही डावा झाला. लांबच्या तुकड्यात उजवा हात वर जातो आणि जवळच्यात डावा हात देवीला लागतो. जोड तर तुटलाच, शिवाय डाव्या हाताने कौल लावतात असं कसं दाखवू? मग तशीच ठेवली, उजवी. प्रश्न पहिल्या तुकड्यातला, हात आणि कळी दुसऱ्यातली आणि शेवटी पुन्हा पहिल्यातला तुमचा चेहरा, कळी पडल्यावर उतरलेला. काय बसलंय म्हणून सांगू!

बाबांना मोबाईलवर पाठवलाय. पुढच्या वेळी तुम्हालाही दाखवेन.

तुमची निशिगंधा


वरची वाडी
१० डिसेंबर २०२३

निशिगंधा,

तुझं कौतुक झालं, बरं वाटलं. पण पत्र दोनदा वाचलं आणि भाकर गोड लागेना.

त्या दिवशी मी बाहेर येऊन डावी म्हणालो तेव्हा काय झालं ते तू आत कॅमेरा आवरत होतीस म्हणून पाहिलं नाहीस. शेजारच्या सहदेवने सामान बांधायला काढलं होतं, तो नुसता उठून गेला. तुझी काकी खांबाला टेकून उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "देवी नाय म्हणली तर नाय." माझा चेहरा उतरला होता तो त्यासाठी, पोरी. मला हो हवं होतं.

आता तुझ्या चित्रात देवी हो म्हणते आणि माझं तोंड उतरतं. हे कुणी पाहिलं तर काय समजेल, तूच विचार कर. तुझ्यासाठी मी नियम मोडला, तुला आत घेतलं, कळी खेळण्यासारखी दुसऱ्यांदा लावली. ती चूक माझी, ती मी भरीन. पण ते चित्र कुणाला दाखवू नकोस. तुझ्या बापालाही सांग, मोबाईलमधून काढून टाक. लगेच सांग.

तात्या


मुंबई
२८ डिसेंबर २०२३

तात्या,

तुम्ही एवढं मनाला लावून घ्याल असं वाटलं नव्हतं. तो सराव आहे, पुरावा नाही. बघणाऱ्यालाही ते कळतं.

बाबांना सांगितलंय, कुणाला पाठवू नका. ते बरं म्हणाले.

फक्त एक अडचण आहे. विद्यार्थ्यांच्या महोत्सवात माझी फिल्म निवडली गेलीय, माहितीपटांच्या विभागात. सरांनी विचारलं, हे खरं घडलेलं आहे ना? मी हो म्हटलं. म्हणजे खोटं कुठे आहे, प्रत्येक तुकडा खराच आहे. महोत्सव मार्चच्या शेवटी आहे. आता काढून घेतली तर माझं नाव जाईल ते जाईल, सरांचंही जाईल. महोत्सव झाला की फिल्मच्या शेवटी पडद्यावर एक पाटी टाकते, की पडलेली कळी कौलाची नाही. तीन महिन्यांत काय बिघडणार आहे? डोंगर कुठे पळून जातोय?

काकीच्या गुडघ्यांना मलम पाठवलंय.

निशिगंधा


वरची वाडी
२० फेब्रुवारी २०२४

निशिगंधा,

डोंगर पळाला नाही, माणसं पळाली.

रविवारी आपल्या मुंबईवाल्यांच्या मंडळाची गाडी आली. पुढे तुझा बाप. मला वाटलं भावाला भेटायला आला. त्याने देवळाच्या ओसरीवर पांढरी चादर बांधली, कुणाचं तरी यंत्र लावलं आणि सगळ्या वाडीला बसवलं. मी पहिल्यांदा तुझं काम पाहिलं. खरंच सांगतो, जोड मलाही दिसला नाही. क्षणभर मलाच वाटलं, उजवी पडली होती की काय.

दिवा लागला आणि महिपत म्हणाला, "दादा, तू बोललास डावी. मग ही काय?"

"ती मागाहून लावलेली हाय. कौलाची नाय ती."

सहदेव पुढे आला. "तात्या, आवाज तुमचाच ना?"

"माझाच."

"हात?"

"माझाच हाय."

"आणि कळी उजवी पडली का नाय?"

"पडली, पण..."

"आता पण काय, तात्या? हातच्या काकणाला आरसा कशाला?"

चंद्राबाई माझ्या आईच्या जागी. ती सगळ्यांदेखत म्हणाली, "बघा गो, उजवी पडली तसं तोंड कसं पडलं या भैरूचं! गुरांपायी देवीला खोटी पाडली." मी सांगायला लागलो, की मलाच उतरायचं होतं, आवडीला विचारा. तेव्हा ती सगळी हसली. आवडी रडायला लागली तर म्हणाले, नवरा शिकवील तसं रडते.

इतक्या वर्षांत मी लावलेले कौल आता एकेक उकरून काढतायत. अमक्याच्या पोरीचं लग्न मोडलं तेव्हाही खरं सांगितलं होतं का, असं तोंडावर विचारतात. माझ्या बापाचंही नाव त्यात ओढतात. खाली जाणं न जाणं राहू दे बाजूला. मी देवीच्या नावाने खोटं बोललो नाही, एवढंच मला वाडीकडून परत हवंय.

गाभाऱ्यात तू आणि मी, तिसरं कुणी नव्हतं. माझ्या शब्दाला आता कवडीची किंमत नाही, म्हणून तूच सांगू शकतेस. शिमग्याला पालखी निघाली की सगळी वाडी, सगळे मुंबईवाले एकत्र असतील आणि त्याच दिवशी संमतीच्या कागदावर अंगठे घेणार आहेत. तू ये. पालखीसमोर उभी राहा आणि मला सांगितलंस तसं सांग, कुठला तुकडा कुठला ते. मग उतरायचं तर उतरू दे त्यांना. मीही उतरेन.

येशील ना?

तात्या


मुंबई
२ एप्रिल २०२४

तात्या,

मी आले नाही. रागावला असाल.

पालखीच्याच दिवशी महोत्सवाचा निकाल होता आणि एका मोठ्या संकलकांनी मला दुसऱ्या दिवशी सकाळी भेटायला बोलावलं होतं. अशी माणसं पुन्हा बोलावत नाहीत. मी रात्रभर विचार केला. मग सगळं बोलून बाबांना पाठवलं, माझ्या आवाजात, अगदी सविस्तर. त्यांना सांगितलं, पालखीसमोर सगळ्यांना ऐकवा. बाबा म्हणाले, ऐकवलं. म्हणजे तुमच्यावरचा आळ गेला असणार. मला बक्षीस मिळालं. त्यांच्याकडे कामालाही घेतलंय.

अंगठे झाले असंही बाबा म्हणाले. तात्या, राग मानू नका, पण एका अर्थी बरंच झालं ना? तुम्हाला उतरायचंच होतं. काकीला दवाखाना जवळ येईल. आणि उद्या खरंच दरड आली तर? माझ्या चुकीने वाडी वाचली असं होईल. एखादी चूक चांगल्यासाठी होत नाही का?

पाटी टाकायची राहिलीच. आता बक्षीस मिळाल्यावर बदल करू देत नाहीत. पण माझ्याकडे सगळे मूळ तुकडे आहेत. तुम्ही म्हणाल तेव्हा येऊन वाडीला दाखवीन, अगदी न कापलेले. फक्त लिहा.

निशिगंधा


मुंबई
१९ जून २०२४

तात्या,

उत्तर नाही. बाबांना विचारलं तर ते म्हणतात, दादा कुणाशीच बोलत नाही. तुम्ही खाली आलात का? पत्ता माहीत नाही म्हणून दुकानदाराच्याच नावाने पाठवतेय.

सेजलला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, तू तेव्हाच गाडीत बसायला हवं होतंस. मी तिच्याशी भांडले. पण ती खरं बोलली, तात्या. माझ्या कामाचं काय होईल याची मला भीती वाटली, तुमचं काय होईल याची नाही वाटली. तुम्ही माझेच आहात, कुठे जाताय, असं वाटलं.

शिव्या द्या, पण लिहा.

निशिगंधा


पोलादपूर
२० ऑक्टोबर २०२४

निशिगंधा,

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. पाऊस संपेपर्यंत लिहायचं नाही असं ठरवलं होतं. आता संपला.

तुझा निरोप मी ऐकला. पालखी खाली ठेवली आणि तुझ्या बापाने मोबाईल ध्वनिक्षेपकाला लावला. तुझा आवाज सगळ्यांनी ओळखला. तू म्हणालीस, "तात्यांनी कळ्या दोनदा लावल्या आणि दुसऱ्यांदा उजवी पडली." तिथे तो थांबला. पुढे तू काय बोललीस ते मला आजही माहीत नाही. महिपतने ते कापलं. सगळे माझ्याकडे वळले. आधी मी नुसता खोटारडा होतो, तुझ्या निरोपानंतर देवीला दोनदा विचारून नको ते लपवणारा झालो. तुझ्या बापाला काय बोल लावणार? आपलेच दात, आपलेच ओठ.

पावसाआधी उतरलो. गुरं महाडच्या बाजारात गेली. काकीचे गुडघे आधीपेक्षा बरे आहेत, दवाखाना हाकेच्या अंतरावर आहे, तू म्हणालीस तसंच. पण ती नळावर गेली की बाया बोलायच्या थांबतात, म्हणून ती सगळ्यांचं भरून झाल्यावर जाते. कौल आता सहदेव लावतो. त्याच्याबरोबर कुणीतरी मोबाईल धरून आत जातं. बाहेर आल्यावर त्याचं कुणी ऐकत नाही, आधी मोबाईलमध्ये बघतात.

मूळ तुकडे घेऊन येईन म्हणतेस. येऊ नकोस. ते बघून म्हणतील, हेही कापलेलं असेल. आणि त्यांचं चुकणार नाही. कापता येतं हे त्यांना आता कळलंय, तुझ्यामुळेच.

हे सगळं मी गिळलं असतं. पत्र लिहिलं ते दुसऱ्याच गोष्टीसाठी.

श्रावणात एक आठवडा असा आला की पाऊस हाताच्या अंतरावरचं दिसू देईना. खाली सगळे पत्र्याखाली बसून वर डोंगराकडे कान लावून होते. वर कुणी नव्हतं. रिकामी घरं, रिकामे गोठे आणि देऊळ. मला तुझं पत्र आठवलं, दरड आली तर चुकीने वाडी वाचली असं होईल. मी विचार केला, खरंच आहे. दरड आली तर पोर सुटेल. लोक म्हणतील, निशिगंधाने दाखवलं तेच खरं होतं, तिच्यामुळे जगलो. तिच्या जिवाला जन्मभर लागणार नाही. आणि मी उठून, पावसात उभं राहून हात जोडले आणि म्हटलं, आई, डोंगर खाली आण. माझं घर घे, तुझं देऊळ घे, पण या पोरीचं खरं कर.

देवी नाही म्हणाली असं ज्या तोंडाने वाडीला सांगितलं, त्याच तोंडाने मी तिला मागितलं की तू खोटी पड. कुणी विचारलं नव्हतं, कुणी शूट करत नव्हतं. मी आपला मनापासून मागत होतो.

दरड आली नाही. ऊन पडलं तेव्हा डोंगर जागच्या जागी होता, वाडी होती तशी होती. उतरू नका म्हणालेली देवी खरी निघाली, माझा शब्द खरा निघाला. आणि ते बघून मला वाईट वाटलं.

भैरू